लाइट जाते, नेट तुटतं, सर्व्हर बसतो: धंदा थांबू नये म्हणून काय तयार ठेवायचं

संगणकावर चालणारा धंदा बंद पडायला फार मोठं काही घडावं लागत नाही. मे महिन्यात वळवाचं वादळ येतं, जवळपास कुठेतरी वीज पडते आणि राउटर, स्विच, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर एकाच झटक्यात जळतात. रस्त्याचं काम करणारा जेसीबी फायबर तोडतो. मुनीम ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या करतो त्याची हार्ड डिस्क ऐन सोयाबीनच्या हंगामात आवाज करायला लागते.

कधी दोष आपल्या गावात नसतोच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभर विंडोजचे संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ते सुमारे ८५ लाख होते, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआयसारख्या सेवांपासून तुटले. १२ एप्रिल २०२५ रोजी तर यूपीआयच देशभर काही तास अडखळलं.

यातलं काहीच आपण थांबवू शकत नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: कोणतं काम किती वेळ थांबलं तर चालेल हे आधी ठरवणं, त्यासाठी पर्याय ठेवणं, आणि तो पर्याय खरंच चालतो का हे मुद्दाम बंद करून बघणं. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि मग ऐन वेळी कळतं की यूपीएसची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेली होती.

पुढची माहिती पाच ते पन्नास माणसांच्या धंद्याला धरून आहे: मोंढ्यातली (धान्यबाजारातली) अडत, कृषी सेवा केंद्र, औषधांचं होलसेल, दवाखाना, वाळूज किंवा जालन्याच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना.

आधी कामांची यादी, मग यंत्रांची

तयारी म्हटलं की लोक आधी यूपीएस विकत घ्यायला निघतात. त्याआधी एक तास काढून मुनीम, काट्यावरचा माणूस, गोदाम सांभाळणारा आणि मालक यांनी एकत्र बसावं. वहीत रोजची कामं लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे दोन उत्तरं लिहावीत. पहिलं: हे काम किती वेळ थांबलं तर चालेल? दुसरं: संगणकातली नोंद गेलीच, तर किती वेळापूर्वीपर्यंतची गेलेली चालेल, म्हणजे किती तासांचं काम पुन्हा हाताने भरायची आपली तयारी आहे?

अडतीचं उदाहरण घेऊ. वजन अजिबात थांबू शकत नाही, कारण ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर जाते. पण वजनकाट्याचा इंडिकेटर संगणकाशिवायही आकडा दाखवतो, त्यामुळे तिथे छापील काटापट्टीचं पुस्तक आणि कार्बन पुरेसा आहे. शेतकऱ्याची हिशोबपट्टी तासभर थांबू शकते, त्यापुढे माणूस अस्वस्थ होतो आणि ते रास्तच आहे. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणारं ऑनलाइन बिल, गाडी भरून होईपर्यंत थांबू शकतं, त्यानंतर एक मिनिटही नाही. जीएसटीचं विवरणपत्र दोन दिवस थांबेल, पण १९ आणि २० तारखेला नाही. पगारपत्रक आठवडाभर थांबेल.

ही यादी झाली की पैसा कुठे लावायचा ते आपोआप दिसतं. कुणी सगळ्या दहा संगणकांना इन्व्हर्टर लावतो आणि ज्या एका संगणकावर सगळा डेटा आहे तो मात्र जुन्या यूपीएसवर सोडतो. यादी समोर असली की असा खर्च होत नाही.

त्याच वहीत प्रत्येक कामापुढे ते कशाकशावर उभं आहे तेही लिहा: कुठला संगणक, कुठलं नेट, कुणाचा मोबाइल, कुठली बँक, कुठला पासवर्ड. एकच नाव पाचसहा ओळींत आलं, तर तिथे सगळ्यात मोठा धोका आहे. पुष्कळदा ते नाव यंत्राचं नसून माणसाचं निघतं.

वीज: इथे घाई करू नका

मराठवाड्यात बंद पडण्याचं पहिलं कारण वीज हेच आहे, म्हणून इथे तपशिलात जावं लागेल. लाइट जाणं हा यातला सोपा भाग. संगणक मरतात ते लाइट येताना, व्होल्टेज चढल्या-उतरल्यावर आणि न्यूट्रल तुटल्यावर. डीपीपासून येणारा न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या जागी ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि साधा यूपीएस किंवा स्पाइक-गार्ड ते सहन करत नाही. त्यावर उपाय म्हणजे मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाइन तोडतो आणि स्थिर झाल्यावर काही वेळाने जोडतो. वायरमनकडून तो बसवून घ्या आणि मर्यादा किती ठेवली ते बोर्डावरच लिहून ठेवा.

मग अर्थिंग. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क कमी होतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावून पाहा. आकडा दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला दाखवायला हवं. मार्च ते जून खड्ड्यात आठवड्यातून एकदा पाणी घालायचं काम एका माणसाच्या नावावर टाका.

आता यूपीएसचं गणित. ६०० व्हीएच्या नेहमीच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅटपर्यंत लोड चालतो आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. ऑफिसचा संगणक आणि एलईडी मॉनिटर मिळून १०० ते १२० वॅट घेतात, म्हणजे नवी बॅटरी १५ ते २० मिनिटं देते. तेवढ्यात काम जतन करून संगणक नीट बंद करायचा. त्यावर तासभर पट्ट्या करण्याची अपेक्षा ठेवू नका. बॅटरीचं आयुष्य दोन-तीन वर्षं, आणि पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ते झपाट्याने घटतं. बॅटरी बसवल्याची तारीख मार्करने यूपीएसवर लिहा.

लेसर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. कागद तापवताना तो क्षणभर ६०० ते १००० वॅट ओढतो, यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि सोबत संगणकही जातो. "लाइट गेली की यूपीएस लगेच बसतो" या तक्रारीमागे कितीतरी वेळा हेच असतं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतो, आणि पट्ट्यांसाठी तोच ठेवावा: कमी वीज, कार्बनच्या प्रती, धुळीत टिकणारा.

जास्त वेळ हवा असेल तर इन्व्हर्टर. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास साठवते. गळती आणि सुरक्षित मर्यादा धरली तर ११०० ते १२०० हाती येतात. दोन संगणक, राउटर आणि प्रिंटर मिळून २५० वॅट धरले, तर चार तासांच्या आसपास चालतं. बॅटरी पूर्ण भरायला मात्र १० ते १२ तास लागतात. दिवसातून दोनदा लांब लाइट जात असेल, तर दुसऱ्या वेळी बॅटरी अर्धीच असणार, हे हिशोबात धरा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात संगणक रीस्टार्ट होतो. बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी उन्हाळ्यात महिन्याला बघायचं.

जनरेटर असेल तर एक गोष्ट आधीच तपासा. छोट्या जनरेटरची वारंवारता आणि व्होल्टेज हलत राहतं, यूपीएस तो पुरवठा नाकारतो आणि जनरेटर धडधडत असतानाही बॅटरी संपवत बसतो. यूपीएसला संवेदनशीलता कमी करायची सोय असेल तर ती करा, नाहीतर सर्व्हरपुरता 'ऑनलाइन' प्रकारचा यूपीएस (कायम आतूनच स्थिर वीज बनवून देणारा) घ्या.

विजांचा हंगाम इथे एप्रिलपासून जूनपर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात. आकाशातली वीज फक्त लाइटच्या वायरीतून येते असं नाही. ती लॅनच्या केबलमधून, गच्चीवरच्या अँटेनातून, कॅमेऱ्याच्या केबलमधूनही येते. फायबरच्या काचेतून ती येत नाही, पण पुष्कळ ठिकाणी केबलवाला फायबर शेजारच्या इमारतीपर्यंतच आणतो आणि तिथून पुढे तांब्याची लॅन केबल गच्चीवरून टाकतो. तीच केबल झटका आत घेऊन येते. शेवटपर्यंत फायबरच मागा. गोदाम आणि ऑफिस वेगळ्या इमारतींत असतील तर त्यांच्यामध्येही फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारे डबे) टाका. खर्च थोडा, उपयोग मोठा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप विजांचा इशारा देतं. इशारा आला की प्लगही काढा आणि लॅनच्या वायरीही. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावू नका.

आणि पाणी. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे दुकानं-गोदामांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सर्व्हर, यूपीएस, एक्सटेन्शन बोर्ड जमिनीपासून किमान तीन फूट उंच ठेवा. कागदपत्रांचं कपाटही.

नेट: दोन हवीत, आणि खरोखर वेगळी हवीत

एका कंपनीचं फायबर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला राउटर, एवढं बहुतेकांना पुरतं. सिम टाकता येणारा ड्युअल-वॅन (दोन नेट जोडता येणारा) राउटर फायबर तुटल्यावर स्वतः सिमवर जातो आणि परत आल्यावर मागे येतो. तो नसेल तर मोबाइल हॉटस्पॉटही चालतो, फक्त हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड प्रत्येक संगणकात आधी एकदा टाकून ठेवा.

दोन फायबर घेताना फसगत होते. दोन वेगळ्या नावांचे केबलवाले एकाच खांबावरून, एकाच मोठ्या कंपनीची लाइन घेऊन पुढे विकत असतात. जेसीबीने एक तोडली की दोन्ही जातात. दोघांनाही विचारा: मागे कुणाची लाइन आहे, आणि कुठल्या रस्त्याने येते? उत्तर सारखं आलं तर दुसऱ्याचे पैसे वाया.

सिमचीही मर्यादा ओळखा. लाइट आठ-दहा तास गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात आणि अख्ख्या भागातली रेंज जाते. म्हणून दुकानाच्या आत, जिथे राउटर ठेवणार त्याच जागी, सगळ्या कंपन्यांची रेंज लाइट नसताना बघून मग सिम निवडा. त्या सिमचं रिचार्ज संपणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. वर्षाचा प्लॅन टाका.

राउटर आणि फायबरचा डबा यांना वेगळा छोटा डीसी यूपीएस लावा. घेण्याआधी दोन्ही अॅडॅप्टरवरचे आकडे वाचा: बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचेही निघतात, आणि चुकीची पिन लावली तर डबा जळतो.

पर्यायी नेटवर आल्यावर पहिले भांडण डेटाचं होतं. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) किंवा ई-वे बिलाला फार तर काही केबी लागतात, पण विंडोजचे अपडेट, कॅमेऱ्यांचं ऑनलाइन रेकॉर्डिंग आणि फोटोंचं सिंक सगळं खाऊन टाकतात. त्या सिमच्या वायफायला विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा आणि कॅमेरे त्या वाटेने जाणार नाहीत अशी सोय राउटरमध्ये करून घ्या.

बॅकअप: परत आणता आला तरच तो बॅकअप

यूपीएस जळला तर दुसरा येतो, डेटा गेला तर येत नाही. तरी सगळ्यात ढिसाळ काम इथेच असतं.

जुना आणि टिकलेला नियम असा: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुकानाबाहेर. लहान धंद्यात तो असा बसवता येतो. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एकीवर मार्करने 'सोम-बुध-शुक्र' लिहा, दुसरीवर 'मंगळ-गुरू-शनी'. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्या दिवसाची डिस्क जोडायची, बॅकअप घ्यायचा, डिस्क काढायची आणि ती घरी न्यायची. दुसरी दुकानात कपाटात. महिन्याच्या शेवटी एक प्रत क्लाउडवर वेगळ्या खात्यात चढवायची. डिस्क कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यातलंही सगळं कुलूपबंद करतं, आणि वीज पडली तर संगणकासोबत तीही जाते. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवणं सोडाच.

क्लाउडच्या ड्राइव्हला फोल्डर सिंक करून ठेवणं म्हणजे बॅकअप, असा समज फार आहे. सिंक म्हणजे इकडे जे झालं ते तिकडेही होणं. इथली फाइल बिघडली की तिथली चांगली फाइल बदलून बिघडलेली जाते. क्लाउडवर तारखेनिशी वेगळी फाइल चढवा.

टॅली वापरत असाल तर सगळ्यांनी कंपनीतून बाहेर पडायचं, मग टॅलीतल्याच डेटा मेन्यूतून (ऑल्ट-वाय) बॅकअप घ्यायचा. कुणीतरी नोंद करत असताना फोल्डर कॉपी केला तर अर्धवट प्रत मिळते, आणि ती अर्धवट आहे हे गरज पडते त्या दिवशी कळतं. दवाखान्याचं किंवा कारखान्याचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर चालू असलेल्या डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. सॉफ्टवेअरवाल्याकडून रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप लावून घ्या आणि फाइल कुठे पडते ते स्वतः बघा.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्याच संगणकावर, वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणा. मूळ जागेवर आणला तर चालू डेटावर जुना डेटा चढेल. आणल्यावर तीन गोष्टी जुळवा: शेवटच्या बिलाचा क्रमांक, बँकेची शिल्लक आणि एका मोठ्या पार्टीचा खातेउतारा. जुळलं तर तारीख आणि सही वहीत. पहिल्यांदा किती वेळ लागला तोही लिहा. डेटा खरंच जाईल तेव्हा ग्राहकांना काय वेळ सांगायची ते त्यावरून कळतं.

लाइट गेल्यावर डेटा उघडत नसेल, तर दुरुस्तीचा पर्याय दाबण्याआधी बिघडलेल्या फोल्डरची जशीच्या तशी प्रत बाजूला काढा. दुरुस्ती फसली तर परत प्रयत्न करायला तेवढीच एक वस्तू उरते.

रॅन्समवेअरबद्दल एक नेमकी गोष्ट. घरून टॅली बघता यावी म्हणून पुष्कळ ठिकाणी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवायच्या सोयीचा) ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, थेट उघडून दिलेला असतो. हल्लेखोर असे उघडे पोर्ट रात्रंदिवस शोधत असतात. तो आजच बंद करून घ्या. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे खासगी सुरक्षित वाटेने. आणि विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीसारखे मिळत नाहीत, तेव्हा डेटा असलेला संगणक तरी विंडोज ११ वर न्या.

ओटीपी, पासवर्ड आणि माणसं

लहान धंद्यात सगळ्यात जास्त वेळा अडतं ते इथे. मालक तिरुपतीला गेलेले, फोन बंद, आणि जीएसटीचा, बँकेचा, ई-वे बिलाचा ओटीपी त्यांच्याच फोनवर. सगळी यंत्रं धडधाकट, आणि गाडी दारात उभी.

ई-वे बिल पोर्टलवर उप-वापरकर्ते तयार करता येतात आणि प्रत्येकाचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. मुनीम आणि गोदामवाला असे दोन आजच करून घ्या. एनआयसी-जीएसटी-शील्ड अॅपमध्ये नेट नसतानाही ओटीपी दिसतो. बँकेत दुसरी अधिकृत सही असू द्या. गूगल खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा असेल तर त्याचे आठ अंकी बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन कुठे आहे आणि त्याची मुदत कधी संपते, तेही तिथेच लिहा.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) लावलं असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर हवीच. जुलै २०२४ च्या त्या गोंधळात कितीतरी ठिकाणी दुरुस्ती माहीत होती, पण की त्याच बंद पडलेल्या सर्व्हरमध्ये होती.

एक पानाचा कागद भिंतीवर लावा. त्यात महावितरणच्या कनेक्शनचा ग्राहक क्रमांक आणि लाइनमन, दोन्ही नेट कंपन्यांचे खाते क्रमांक, हार्डवेअरवाला, सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक, बँकेची शाखा, सीए. पासवर्ड या कागदावर नकोत. ते बंद पाकिटात, तिजोरीत, दोघांना माहीत. नंबर मोबाइलमध्ये आहेतच, असं म्हणून हा कागद टाळू नका, कारण मोबाइलची बॅटरीही त्याच दिवशी संपते.

कागदावर धंदा चालवायची सोय

हाताने बिल करायचं तर छापील बिलबुक तयार हवं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक १६ अक्षरांपर्यंतचा आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा, पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. म्हणून हाताच्या बिलांना वेगळी मालिका द्या, जसं 'एम/००१' पासून पुढे. संगणकाची मालिका मध्येच हाताने पुढे चालवली की नंतर क्रमांक एकमेकांवर चढतात आणि सीएचे दोन दिवस जातात. ५० पानांची दोन पुस्तकं, जीएसटी क्रमांक छापलेली, पुरतात. दरपत्रक आणि एचएसएन कोडची (जीएसटीतल्या मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकांची) यादी महिन्याला छापून त्याच पुस्तकात अडकवा. बिल हाताने लिहिताना माणूस दरापाशीच अडतो.

मात्र ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून धंद्या-धंद्यातल्या व्यवहाराला ई-इनव्हॉइस लागतं, तिथे हाताचं बिल चालत नाही. त्यांनी एकाहून अधिक इनव्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलवर आधीच नोंदणी करून ठेवावी, म्हणजे एक अडलं तर दुसरं वापरता येतं. ई-वे बिलासाठीही १ जुलै २०२५ पासून 'ई-वे बिल २' हे दुसरं पोर्टल आहे. पहिलं उघडत नसेल तर त्यावर जा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर आणि राज्याबाहेर ५० हजारांवर ई-वे बिल लागतं. उदगीर किंवा देगलूरकडून कर्नाटक-तेलंगणात माल जाणाऱ्यांनी हा फरक भिंतीवरच्या कागदावर लिहावा.

पैशांची दोन टोकं आहेत. येणाऱ्या पैशांसाठी काउंटरवर दोन वेगळ्या बँकांचे क्यूआर ठेवा, त्यातली एक सहकारी किंवा ग्रामीण बँक असेल तर दुसरी मोठी राष्ट्रीयीकृत किंवा खासगी. पडद्यावरचा फोटो दाखवून माल नेऊ देऊ नका. यूटीआर (त्या व्यवहाराचा) क्रमांक लिहून घ्या आणि आपल्या खात्यात बघा. जाणाऱ्या पैशांसाठी हे लक्षात असू द्या: यूपीआय आणि आयएमपीएस दोन्ही एनपीसीआय (राष्ट्रीय पेमेंट महामंडळ) चालवतं, एनईएफटी आणि आरटीजीएस रिझर्व्ह बँक. म्हणून यूपीआय बसलं तरी शेतकऱ्याची पट्टी एनईएफटीने जाऊ शकते, २ लाखांवरची आरटीजीएसने. शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आणि आयएफएससी पासबुक बघून आधीच भरलेले असतील तरच.

कृषी सेवा केंद्राची अडचण वेगळी आहे. अनुदानित खत ई-पॉस यंत्रावर शेतकऱ्याची ओळख (बहुतेकदा आधारने) पडताळूनच विकायचं असतं, आणि जूनमध्ये पेरणीच्या आठवड्यात सगळ्यांची यंत्रं एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडतात. इथे कागदावर विकून नंतर चढवू, असं करायला जाऊ नका. यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही तर तपासणीत उत्तर देता येत नाही. त्याऐवजी सकाळी लवकर, सर्व्हर हलका असताना विक्री सुरू करा, गर्दीत टोकन द्या, यंत्रात दोन कंपन्यांची सिम ठेवा आणि साठा रजिस्टर रोज संध्याकाळी हाताने मिळवा.

बंद पडलं त्या क्षणी

घाईत सगळे सगळं बंद-चालू करायला लागतात आणि मूळ खूण पुसली जाते. एकाच माणसाने, याच क्रमाने बघावं:

१. फक्त आपल्याकडे, की शेजारीही? लाइट की नेट?
२. फायबरच्या डब्यावर 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा लाल असेल तर केबल तुटली आहे; राउटर रीस्टार्ट करून उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करा आणि सिमवर जा. तो दिवा बंद आणि 'पॉन' (PON) हिरवा स्थिर असेल तर दोष कंपनीकडे, बिल थकल्यात किंवा आपल्या राउटरमध्ये.
३. एक साइट उघडत नाही पण बाकी सगळं चालतं? मग दोष त्या पोर्टलचा. मोबाइलच्या नेटवर तीच साइट उघडून बघा.
४. एकच संगणक अडकला असेल तर त्याची लॅन वायर दुसऱ्याला लावून बघा.

पंधरा मिनिटांत कारण सापडलं नाही तर शोध एकाकडे सोपवून बाकीच्यांनी कागदावर काम सुरू करायचं. ही पंधरा मिनिटांची रेघ आधी ठरलेली असावी, कारण "आत्ता येईल" म्हणत दोन तास जातात.

पडद्यावर खंडणीचा मजकूर दिसला, किंवा फाइलींची नावं विचित्र झाली, तर क्रम बदलतो. आधी लॅनची वायर आणि वायफाय तोडा, त्या संगणकाचं आणि बाकीच्यांचंही. पडद्याचा फोटो घ्या. बॅकअपची डिस्क काही झालं तरी त्या संगणकाला जोडू नका; शेवटची चांगली प्रत अशीच घालवली जाते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. कंपन्यांना अशा घटनेची माहिती सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) सहा तासांत द्यावी लागते, तेव्हा सीएला किंवा वकिलाला पहिल्या तासातच कळवा.

मुद्दाम बंद करून बघा

तीन महिन्यांतून एकदा, कमी गर्दीचा दिवस धरून. ज्या मोंढ्यात अमावास्येला सौदे बंद असतात तिथे तो दिवस सोयीचा. आधी बॅकअप घ्या, चालू काम जतन करा, मग मेन स्विच पाडा आणि घड्याळ लावा. यूपीएस किती मिनिटं टिकला, राउटर सिमवर किती वेळात गेला, बिलबुक कुठे होतं, मुनीम सोडून दुसऱ्याला ई-वे बिल निघालं का, हे सगळं वहीत. मालकाने त्या दिवशी अर्धा तास फोन बंद ठेवून बघावं. कुठलं काम अडतं ते लगेच दिसतं. मृगाआधी आणि दिवाळीआधी ही तपासणी चुकवू नका.

खरा बंद संपल्यावर लगेच नवीन बिलं करायला सुरुवात करू नका. आधी डेटा उघडून शेवटचा क्रमांक बघा, मग हाताची बिलं आणि काटापट्ट्या तारीख-वेळेच्या क्रमाने भरा, भरलेल्या प्रत्येक पानावर शिक्का मारा, आणि रोख, क्यूआर, उधारी वेगवेगळी मिळवा. अडकलेले यूपीआय व्यवहार दुसऱ्या दिवशी बँकेच्या उताऱ्यावरून तपासा; काही पैसे परत गेलेले असतात आणि माल मात्र गेलेला असतो. हे सगळं झाल्यावर त्या दिवशीचा पहिला बॅकअप नव्या नावाने घ्या, जुन्या डिस्कवर चढवू नका, आणि बंद कधी सुरू झाला, कधी संपला, कारण काय निघालं, कुठली वस्तू कमी पडली, हे चार रकाने त्याच संध्याकाळी भरा.